शाळेआधीची शाळा

जून महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात विदर्भातील शाळांची दारे उघडतात आणि गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा, एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील लहानशा गावात पुष्कळदा एकच दृश्य पाहावयास मिळते. पहिलीच्या वर्गात सहा वर्षांचे मूल येऊन बसते. गुरुजी त्याला मराठीत नाव विचारतात. मूल खाली पाहते. चित्र दाखवून 'हे काय?' असे विचारतात. मूल पुन्हा खाली पाहते. महिना-दोन महिने असे गेले की मूल 'मागे' आहे, त्याच्या घरी शिक्षणाचे वातावरण नाही, आईबाप अडाणी आहेत, असा शेरा ठरून जातो. पुढे चौथी-पाचवीपर्यंत तो शेरा त्या मुलाची पाठ सोडीत नाही आणि कित्येकदा मूलच शाळेची पाठ सोडून मोकळे होते.

आता हेच मूल तीन महिने आधी कोठे होते ते पाहावे. मार्चच्या शेवटी मोह गळू लागतो तेव्हा ते आपल्या आजीबरोबर अंगणात बसून टोपलीतली फुले निवडीत होते. ताजे फूल कोणते, कालचे कोणते, पाला कोणता, माती कोणती, हे त्याला सांगावे लागत नव्हते. चार टोपल्या ओली फुले वाळली की पुरती एक टोपलीही भरत नाही, हे त्याने उन्हात पसरलेल्या फुलांवरून स्वतः पाहिले होते. कोणत्या झाडाचा मोह आधी गळतो, कोणत्या झाडाखालची फुले कोणत्या घराने वेचावयाची, चारोळीचे फळ केव्हा पिकते आणि टेंभराचे केव्हा, याची त्याला चांगली माहिती होती. वर्गीकरण, तुलना, क्रम, अंदाज, निरीक्षण हे जे शब्द बालशिक्षणाच्या पुस्तकांतून पानोपानी येतात, त्या साऱ्या गोष्टी त्या मुलाने एकाही पुस्तकाशिवाय केल्या होत्या. शाळेत येताच तो सारा ऐवज शून्यावर आला, याचे कारण गुरुजींना तो दिसला नाही आणि मुलाला तो मराठीत सांगता आला नाही.

लहान मुलांच्या शिक्षणात घराचा आणि विशेषतः आईचा वाटा मोठा आहे, ही जाणीव शासनाला झालेली नाही असे म्हणता येणार नाही. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा नाइलाजाने का होईना, घर हीच शाळा आहे हे साऱ्या राज्याला मान्य करावे लागले. पुढे २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे अभियान महाराष्ट्रात सुरू झाले. प्रथम या संस्थेचा त्यात सहभाग होता. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांचे गावोगाव मेळावे भरले. मुलांना उड्या मारणे, रंग भरणे, वस्तू वेगळ्या करणे, चित्र पाहून बोलणे अशा कृती देण्यात आल्या. वस्तीवस्तीतील मातांचे गट करण्यात आले, प्रत्येक गटात एक 'लीडर माता' नेमण्यात आली आणि घरातल्या घरात मुलांकडून करवून घ्यावयाच्या सोप्या, गमतीच्या कृतींची माहिती त्यांच्याकडे भ्रमणध्वनीवरून दर आठवड्याला पोहोचविण्याची योजना झाली. डाळ आणि तांदूळ वेगळे करणे, चमचे मोजणे, भाज्यांची नावे सांगणे, कपड्यांच्या घड्या करताना लहान-मोठे ओळखणे, अशा स्वरूपाच्या त्या कृती आहेत. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याआधी 'आरंभ' या कार्यक्रमातून आणखी लहान मुलांच्या पालकांचे मेळावे अंगणवाडीत भरविले गेले. घरच्या चिंध्या, बिया, डबे, काड्या यांतून खेळणी करून ती आईबापांच्या हाती देण्याचा प्रयोग तेथे झाला. या उपक्रमांची दिशा योग्य आहे. मुलाला दोन अक्षरे लवकर गिरवावयास लावण्यापेक्षा त्याच्याशी बोलावे, त्याला हाताळू द्यावे, खेळू द्यावे, हा विचार सरकारी परिपत्रकात येणे हीच मुळात लहान गोष्ट नव्हे.

तथापि, सबंध राज्यासाठी एकच कृती लिहावयाची म्हणजे ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणते तरी एक घर असावे लागते. ते घर बहुधा पुण्याच्या किंवा नागपूरच्या उपनगरातले, फार तर पश्चिम महाराष्ट्रातील बागायती खेड्यातले असते. त्या घरातील आई मराठी बोलते, तिच्या हातात स्वतःचा भ्रमणध्वनी असतो, त्यावर चित्रफीत उघडते आणि दुपारी तिला अर्धा तास मोकळा असतो. ही चारही गृहीते पर्लकोटेच्या काठी पोहोचेपर्यंत गळून पडतात. भामरागड-एटापल्लीच्या पुष्कळ गावांत आजही संदेश मिळविण्यासाठी टेकडीवर जावे लागते. भ्रमणध्वनी असला तर तो घरातील तरुण मुलाच्या खिशात असतो. जुलै-ऑगस्टात रोवणीच्या दिवसांत आई सूर्य उगवण्यापूर्वी बांधीत उतरते. एप्रिलमध्ये ती मोहाखाली असते, मे महिन्यात तेंदूच्या जंगलात. भाषेचा प्रश्न तर याहून अवघड आहे. पहिले पाऊल टाकावयाचे खरे, पण ते कोणाच्या अंगणातून, हे आधी ठरले पाहिजे.

जे घर डोळ्यांपुढे नाही त्या घरात मुलाला शिकविण्यासारखे काही नसेल, हा समज शहरात जितका दृढ आहे तितकाच तो निराधार आहे. तेंदूचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १००० पुड्यांचे एक प्रमाणित पोते असा हिशेब चालतो. पान कमी भरले तर फळीवर पुडा बाजूला काढला जातो, म्हणून मोजणीत चूक चालत नाही. संध्याकाळी सारे घर ओसरीवर पुडे बांधावयास बसते तेव्हा लहान मूलही जवळ असते. दहा-दहा पानांचे सात ढीग लावले की एक पुडा होतो, हे त्याला दोनदा दाखविले की तिसऱ्यांदा ते स्वतः करते. दशकाची कल्पना शिकविण्यासाठी शाळेत काड्यांचे गठ्ठे करावे लागतात. येथे तो गठ्ठा घराच्या पोटापाण्याशी बांधलेला आहे. चुकलेल्या मोजणीचे पैसे कापले जातात, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला बरोबर मोजणे का आवश्यक आहे हे समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

खेळांचेही तसेच. चिंचोके फोडून किंवा दगडावर घासून एक बाजू पांढरी करावयाची, पाच-पाच घरांच्या पाच ओळी जमिनीवर कोळशाने आखावयाच्या आणि अष्टचंग मांडावयाचे, हा पावसाळी दुपारचा जुना कार्यक्रम आहे. चारही चिंचोके पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ; सोंगटी कोणती पुढे न्यावी, कोणती राखावी, कोणती मारावी, याचा विचार पाच वर्षांचे मूल मोठ्यांच्या बरोबरीने करू लागते. सागरगोट्यांत डोळा, हात आणि मोजणी यांचा मेळ बसावा लागतो. पावसाळ्यात गेडीवर चढून चिखलातून चालणाऱ्या पोरांना तोल सांभाळण्याचा निराळा तास लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो. लाकडाचा किंवा मातीचा बैल सजवून मुले घरोघर जातात आणि बोजारा गोळा करतात. त्या एका सकाळी बैलाची वेसण, झूल आणि शिंगे रंगविण्याची कला येते, परक्या दारात उभे राहून बोलण्याचे धैर्य येते आणि शेवटी सगळ्यांची नाणी एकत्र करून सारखी वाटण्याचा भागाकारही येतो, भांडणासह येतो. खेळणी विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांनी हे सारे शतकानुशतके केले. त्याला शिक्षण म्हणण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

गोष्टींचा साठा तर विपुल आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडसा हे त्यांचे मुख्य ठाणे. रात्रभर चालणाऱ्या त्या प्रयोगांना मुले आईच्या मांडीवर झोपत-जागत हजेरी लावतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात तीच नाटके आपल्या परीने करतात. कोणत्या पात्राने काय म्हटले, आधी काय झाले, मग काय झाले, हे सांगताना मूल जी भाषा घडवते ती वाचनाची खरी पूर्वतयारी होय. डॉ. राणी बंग यांनी 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रियांकडून झाडांविषयी ऐकलेले ज्ञान नोंदविले आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. कोणत्या झाडाचे काय खावे, कोणत्या सालीचे औषध करावे, कोणत्या झाडाशी घराचे कोणते नाते, हे सांगणाऱ्या त्या स्त्रियांपैकी पुष्कळजणींना शाळा लाभली नाही. परंतु झाडांच्या त्या शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि अजून आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जंगलातल्या बालपणाचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः ज्यांची मुले त्या जंगलात जात नाहीत त्यांना. अर्धा तास पाने मोजणे हा मुलाचा खेळ असतो; तीन तास मोजणे ही मजुरी असते. ती सीमारेषा घरातल्या गरिबीने रोज पुसली जाते. शिवाय, आता जंगल पूर्वीचे राहिलेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या वाढली याचा राज्याला अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या, हेही त्याच अभिमानाच्या शेजारी लिहिले पाहिजे. पहाटेच्या अंधारात लहान मुलाला मोहाखाली नेणे ही आज निसर्गशिक्षणाची सहल नाही. म्हणून ज्या कृतींचा येथे विचार करावयाचा त्या अंगणातल्या, ओसरीवरच्या, गावाच्या हद्दीतल्याच असाव्या लागतील. जंगल मुलापर्यंत टोपलीतून येते, तेवढे पुरे आहे.

आता भाषेकडे वळावे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या १२ तालुक्यांत भाषांचा जो पट पसरला आहे तो महाराष्ट्राच्या फार थोड्या जिल्ह्यांत असेल. उत्तरेला झाडीबोली, कोरचीकडे छत्तीसगढी आणि हलबी, मध्यभागी आणि पूर्वेला गोंडी, भामरागडकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, आणि मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली. या सर्वांवर शाळेची प्रमाण मराठी एखाद्या छपरासारखी घातलेली आहे. छप्पर आवश्यक आहे; पण घराला जोतेही लागते. गोंडीत उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग असे मोजले जाते. सिरोंच्याच्या तेलुगू मुलाचा 'रेंडु' आणि धानोऱ्याच्या गोंड मुलाचा 'रंड' हे एकाच द्राविड कुळातले भाऊ आहेत, ही मौज वर्गात सांगितली तर दोन्ही मुले एकमेकांकडे निराळ्या नजरेने पाहतील. परंतु ज्या मुलाला आईने पाच चिंचोके सैयुंगपर्यंत मोजावयास शिकविले, ते वर्गात 'पाच' हा शब्द न ओळखल्यामुळे मोजता न येणारे ठरते. त्याला संख्या येते, तिचे मराठी नाव तेवढे येत नाही. पहिल्या वर्गातील अपयशाचा केवढा मोठा भाग या एका गैरसमजाने व्यापला असेल!

कायद्याच्या बाजूने पाहता या विषयात काही कमतरता नाही. राज्यघटनेत १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला ३५०-अ हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे सांगतो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हणतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरण्याचा पुरस्कार केला आहे. पण 'शक्य तेथवर' या दोन शब्दांची व्याप्ती प्रत्यक्षात केवढी असते हे मोहगावच्या उदाहरणावरून दिसते. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये आपल्या मुलांसाठी गोंडी भाषेतून शिकविणारी शाळा स्वतःच सुरू केली. गोटुलाची परंपरा, गोंडी भाषा आणि शालेय विषय यांची सांगड घालण्याचा तो प्रयत्न होता. शिक्षण खात्याने ती शाळा अनधिकृत ठरविली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. मान्यता, इमारत, शिक्षकांची अर्हता यांविषयीचे नियम असतात आणि ते मुलांच्या हिताचेच असतात, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतोच. ज्या कामासाठी राज्याने घटनेपासून धोरणापर्यंत तीनदा वचन दिले, ते काम गावाने आपल्या हिमतीवर केले तर राज्याचे पहिले पत्र नोटिशीचे असावे काय?

या प्रश्नाची उत्तरे शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चंद्रपूरच्या शेजारी वर्धा आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिला योजनेचे रूप दिले. १९४५ मध्ये सेवाग्रामला नई तालीमची व्याप्ती वाढून तीत पूर्वबुनियादी, म्हणजे सात वर्षांखालील मुलांचे आणि प्रौढांचेही शिक्षण आले. मूल आणि त्याचे आईबाप यांचे शिक्षण वेगळे काढता येत नाही, हे त्यामागचे सूत्र होते. त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात आणणे अशक्य होते, तेव्हा या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड, माती यांची साधने केली. बालवाडीत मुले येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरू लागली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात सुरू झाली तेव्हा तो शब्द सरकारी झाला. शब्द सरकारी होताना त्यातले अंगण कोठे गेले याचा शोध आता घ्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खाऊ वाटण्याचे आणि नोंदवह्या भरण्याचे केंद्र एवढेच उरले. यात सेविकेचा दोष कमी. तिच्यावर जेवढी रजिस्टरे लादली आहेत त्यांतून तिला मुलांशी दोन शब्द बोलण्यास सवड मिळते, हेच नवल म्हटले पाहिजे.

घरी शिकविण्याची चर्चा अलीकडे दुसऱ्याही एका वर्गात चालते. पुण्या-मुंबईतील काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवितात. इव्हान इलिच यांनी १९७१ मध्ये शाळामुक्त समाजाचा पुरस्कार केला, अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ मध्ये घरी शिकविणाऱ्या पालकांसाठी नियतकालिकच काढले. त्या विचाराची ही लांबची लाट म्हणता येईल. शाळेच्या ठोकळेबाजपणावर त्यांनी केलेली टीका पुष्कळ अंशी खरी आहे. मात्र शाळेची दारे बंद करून बाहेर पडणे त्यालाच परवडते ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे आणि ज्याच्यासाठी ती दारे केव्हाही पुन्हा उघडू शकतात. माडिया समाजाची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. त्याच्या मुलाला शाळा अजून धड मिळालेलीच नाही. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ मध्ये तेथे आश्रमशाळा निघाली, तेव्हा त्या भागात अक्षरओळख असलेला माणूस दुर्मीळ होता. पन्नास वर्षांत त्या शाळेतून डॉक्टर, वकील, शिक्षक बाहेर पडले. घरच्या शिक्षणाचे महत्त्व सांगताना शाळेला फाटा देण्याची भाषा या जिल्ह्यांत करणे म्हणजे तहानलेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय.

आणि धोका खरोखर याच बाजूने आहे. 'आईच पहिली शिक्षिका' हे वाक्य ऐकावयास गोड असले तरी त्याच्या आडून राज्याला आपली जबाबदारी अलगद तिच्या पदरात टाकता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. ज्या प्रदेशात दोन टोल्यांमध्ये नाला असतो आणि पावसाळ्यात तो दिवसेंदिवस उतरत नाही, तेथे गावची शाळा उचलली म्हणजे काय उचलले जाते हे वेगळे सांगावयास नको. दुसरीकडे, फेब्रुवारी-मार्च आला की चंद्रपूर-गडचिरोलीची हजारो माणसे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे डोक्यावर बोचके घेऊन रानवाटांनी पायी परतली होती. त्यांची लहान मुले त्यांच्याबरोबर शेतातल्या झोपडीत राहतात किंवा गावी आजीजवळ. घर हे पहिले विद्यालय खरे; पण वर्षातील दोन महिने ते घरच जागेवर नसते. मातागटाची बैठक त्या दिवसांत कोणाची घ्यावयाची?

चंद्रपूर शहरातील नोकरदार वर्गाने हा सारा प्रश्न दूरच्या जंगलाचा आहे असे समजण्याचे कारण नाही. तेथील स्थिती उलट आणि तितकीच विचित्र आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी अक्षरांचे छापील कागद घरी गिरविण्यास मिळतात आणि कार्यालयातून दमून आलेले वडील रात्री ते पुरे करवून घेतात. या कुटुंबांच्या दारातच गोंड राजांनी बांधलेला परकोट उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आणि पाच खिडक्या. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून त्याच्या भिंतींवरची झुडपे आणि कचरा काढण्याचे काम केले. चार आणि पाच मिळून नऊ, ही बेरीज एखाद्या रविवारी मुलाला बोटाला धरून परकोटाभोवती फिरवून करता येते. वाटेत दरवाजावरची शिल्पे मोजता येतात, दगड हाताने चाचपून पाहता येतात. त्यासाठी आठवड्यातली एक सकाळ लागते, आणि कागद गिरविण्याचा आग्रह तेवढ्या वेळापुरता बाजूला ठेवावा लागतो. ज्या शिक्षकांची नेमणूक एटापल्लीला आणि बिऱ्हाड जिल्ह्याच्या गावी, त्यांना तर दोन्ही अंगणे रोज दिसतात. आपल्या मुलाला जे खेळणे दुकानातून आणून द्यावे लागते, त्याचे मूळ रूप आपल्या विद्यार्थ्याच्या ओसरीवर पडलेले आहे, हे त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणास अधिक चांगले कळेल?

करावयाचे काय, हे फार गहन नाही. मातागटांना द्यावयाच्या कृती पुण्याहून येण्याऐवजी निदान अर्ध्या तरी जिल्ह्यात तयार व्हाव्यात. त्या गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली या भाषांत बोलल्या जाव्यात. लिहिल्या जाव्यात असे येथे मुद्दाम म्हटलेले नाही, कारण ज्या आईला वाचता येत नाही तिला लेखी कागदाचा उपयोग नाही. भ्रमणध्वनी पोहोचत नाही तेथे आठवडी बाजार पोहोचतो. लीडर माता, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती तेथे भेटतातच. मोह, तेंदू, रोवणी आणि धानकापणी यांचे वेळापत्रक समोर ठेवून बैठकांचे वेळापत्रक करावे. तेंदू आणि बांबू यांचे उत्पन्न आता पुष्कळ ग्रामसभांच्या हाती आहे. लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर या जिल्ह्यातील शेकडो गावांनी तो वाटा घेतला. त्या पैशातून संध्याकाळी दोन तास मुलांना घेऊन बसणाऱ्या गावच्याच एका शिकलेल्या मुलीचे मानधन निघू शकेल. मात्र शासनाने त्यामुळे आपला शिक्षक काढून घेता कामा नये. डी.एड., बी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून जे कागदी तक्ते करावे लागतात, त्यांऐवजी एका गावातले खेळ, मोजण्याचे शब्द, कोडी आणि गोष्टी उतरवून आणण्याचे काम दिले तर दोन वर्षांत जिल्ह्याचा स्वतःचा संग्रह तयार होईल.

आणि गुरुजींनी जूनच्या पहिल्या आठवड्यात, वर्ग सुरू होण्यापूर्वी, पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जावे. नोंदणीचा अर्ज भरण्यासाठी ते जातातच. या वेळी अर्ज पिशवीतच ठेवावा आणि मुलाला चिंचोके मोजावयास सांगावे. मूल उंदी, रंड, मुंड म्हणेल. गुरुजींनी ते त्याच्यामागून म्हणावे आणि चुकले तर मुलाकडून दुरुस्त करून घ्यावे. वर्गात ते मूल खाली न पाहता मान वर करून बसावे असे वाटत असेल, तर गुरुजींची ही चूक त्याने आधी आपल्या ओसरीवर ऐकलेली बरी.